शिवकुमारनं रंगवलेलं रान

माकणीत माणसाच्या कामाला नाव लागतं. अमका धरणावर असतो, तमका दूध घालतो, फलाण्याचा पोरगा सोलापुरात कापडाच्या दुकानात आहे. एकदा नाव लागलं की गाव निवांत होतं. शिवकुमारच्या कामाला मात्र नाव लागता लागेना. चाळिशीकडं झुकलेला हा लिंगायताचा गडी सकाळी आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचा, कपाळाला भस्माचे पट्टे ओढायचा आणि पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपपुढं खुर्ची ओढून बसायचा, तो थेट भाकरी खायलाच उठायचा. कुणी म्हणायचं, शेअर बाजार खेळतोय. कुणी म्हणायचं, आधार कार्ड दुरुस्त करतोय. या दुसऱ्या वार्तेवर शेजारची एक म्हातारी कार्ड पदराला बांधून खरंच येऊन बसली. त्यानं तिला चहा पाजला, कार्ड उलटसुलट बघितलं आणि तालुक्याला, लोहाऱ्याला जा म्हणून सांगितलं. पुढं बरेच दिवस ती सांगत फिरत होती, पोरगा गुणाचा हाय, पर त्याला काय येत न्हाय.

येत तर लई होतं. सोलापुरात तो संख्याशास्त्र शिकला, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि आई घरात एकटी पडली म्हणून तीच नोकरी लॅपटॉपात घालून गावाला आला. त्याचं काम होतं आकड्यांची चित्रं काढायचं. आर नावाची संगणकाची एक भाषा आहे. तिला आकडे द्यायचे, चार ओळी लिहायच्या, की पडद्यावर आकार उमटतो. पोराबाळांची वजनं दिली की मधी उंच आणि दोन्हीकडं उतरती अशी टेकडी. पावसाचे आकडे दिले की पाठ मोडलेल्या बैलासारखी वरखाली रेघ. आता नुसत्या रेघेकडं माणूस बघत नाही, म्हणून आकारात रंग भरायचा. तोही सपाट नव्हे. खाली फिका, वर जाता जाता गडद. पिकायला लागलेलं बोर बघा, एका अंगानं हिरवं असतं आणि दुसऱ्या अंगानं तांबडं, पण हिरवं कुठं संपलं म्हणून बोट ठेवायला गेलं तर जागा सापडत नाही. तसा रंग. साहेबलोक त्याला ग्रेडियंट म्हणतात. शिवकुमार उतरता रंग म्हणायचा, तेही मनातल्या मनात, कारण म्हणायला समोर कुणी नव्हतं.

म्हणजे अगदीच कुणी नव्हतं असं नाही. नागपुरात करिश्मा मॅडम होत्या. शिवकुमारची चित्रं तपासायला त्यांच्याकडं जायची आणि त्यांचा निरोप यायचा. "वरचा निळा थोडा फिका करा." "पिवळा डोळ्यात जातोय." कधी नुसतं, "आता छान." ज्या दिवशी "आता छान" यायचं त्या दिवशी शिवकुमार भाजीला फोडणी नीट द्यायचा. मॅडमचं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. एकदाच त्यांनी लांब निरोप लिहिला होता. त्यानं एका चित्रात एक उंच टेकडी आणि एक बुटकी टेकडी काढली होती, आणि संगणकानं दोन्हींत खालून वरपर्यंत फिक्यापासून गडदापर्यंत सगळा रंग भरून टाकला होता. मॅडमनी लिहिलं, बुटक्या टेकडीचा माथाही उंच टेकडीच्या माथ्याएवढाच गडद दिसतोय, बघणारा फसेल. प्रत्येक आकाराला वेगळा रंग देऊ नका, सगळ्यांवर मिळून एकच पसरवा. म्हणजे दोन भावांना दोन कांबळी द्यायची का एकच लांब कांबळं दोघांवर घालायचं, एवढाच प्रश्न. त्याला संगणकात एक शब्द बदलावा लागतो. शिवकुमारनं बदलला.

आई होती तोवर घरात बोलणं होतं. लक्ष्मम्मा आळंदकडची, कन्नड मुलखातली. मराठी तिला सगळं यायचं, पण माया आली की ती कन्नडवर यायची. दुपारी खोलीच्या दारात उभी राहून विचारायची, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलास का. वाढणारी तीच, विचारणारीही तीच. मागच्या वर्षी श्रावणात ती गेली. त्यानंतर तो प्रश्न त्या घरात कुणी विचारला नाही.

आणि आता येळवस तोंडावर आली होती.

येळवस म्हणजे वेळअमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला या भागात गाव गावात राहत नाही. जोंधळा पोटरीला आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि सगळं घरदार रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटीएवढी कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. बाजरीचे उकडलेले उंडे, ढीगभर शेंगा-दाणे-पाल्याची भज्जी, तिळाच्या पोळ्या, आणि मातीच्या बिंदग्यात दोन दिवस आंबवलेली ताकातली आंबील. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. ज्याला रान आहे तोही दुसऱ्याच्या रानात घोटभर आंबील पिऊन येतो. त्या दिवशी ज्याच्या कोपीपुढं परकं माणूस बसलं नाही, त्याची पूजा झाली तरी येळवस झाली नाही.

लक्ष्मम्माच्या कोपीपुढं तर जत्रा असायची. एका वर्षी तिनं भर रस्त्यावर आडवी होऊन एसटी थांबवली होती. ड्रायव्हरला वाटलं म्हातारीला लोहाऱ्याला जायचंय. ती म्हणाली, "मला कुठं जायचं न्हाय, तुमीच खाली उतरा." कंडक्टर घड्याळ दाखवायला लागला तर त्याच्या हातात तिनं उंडा ठेवला. अख्खी गाडी बांधावर बसून जेवली. एका पाव्हण्याचं लग्न चुकायला आलं होतं, तो उभ्यानंच आंबील प्याला आणि पुढच्या वर्षी बायकोला घेऊन आला. शिवकुमार तेव्हा काय करायचा, तर लेकरासारखा कोपीच्या सावलीला जेवायचा आणि काम आहे म्हणून सगळ्यांच्या आधी घरला जायचा. माणसं आईची होती. आपली वेगळी करावी लागतील हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आई गेली त्या वर्षी सुतकाचं निमित्त होतं. रानात पूजा झाली नाही. चुलतभाऊ गौरीशंकर बोलवायला आला, त्याची आई म्हणजे चुलती इरम्मा स्वतः काठी टेकत आली. "चल की रं, आमच्या कोपीत जेव." शिवकुमार म्हणाला, काम हाय. त्या दिवशी तो खोलीत बसून एका टेकडीत जांभळा रंग भरत होता, आणि बाहेर गावात कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. त्यानंतर दोघंही पुन्हा दारात आली नाहीत.

म्हणून या वर्षी त्यानं मनाशी धरलं, कोप करायची आणि माणसं बोलवायची. कोप सोपी होती. बोलावणं अवघड. कारण येळवशीचं बोलावणं तोंडानं असतं. दारात जायचं, "येळवशीला आमच्या रानात या" म्हणायचं, की झालं. शिवकुमार गौरीशंकरच्या दारात गेलाही. गौरीशंकर धारेला बसला होता.

"काय रं शिवा?"

शिवकुमारच्या घशापर्यंत शब्द आला, आणि तो म्हणाला, "आण्णा, ह्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीची लाईट दिवसा हाय का रात्री?"

"दिवसा म्हणतेत."

"बरं."

आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला, तर कोपऱ्यावरनंच फिरला. काय म्हणायचं? तुम्ही बोलावलं तेव्हा आलो नाही, आता तुम्ही या? आणि का या, तर मला एकट्याला भाकरी गिळंना म्हणून?

त्यानं मग त्याला जे येत होतं ते केलं. मोबाइल घेऊन रानाच्या बांधानं एक फेरी मारली, कोपऱ्या-कोपऱ्याच्या खुणा टिपल्या, त्या संगणकाला दिल्या. पडद्यावर रानाचा आकार उमटला. रान त्याचं रस्त्याकडनं ओढ्याकडं उतरतं. रस्त्याकडं मुरमाड, राखेच्या रंगाचं, आणि खाली ओढ्याला लागून काळं कुळकुळीत. आई कोप तिथंच घालायची. त्यानं वरच्या मातीचा फोटो काढला, खालच्या ओल्या मातीचा काढला, फोटोतनं ते दोन रंग उचलले आणि चित्रात भरले. वर राख, खाली काळं, मधी नुसतं उतरत जाणं. इतकं मन लावून त्यानं नागपूरचं कामही कधी केलं नव्हतं.

एक गोष्ट झाली. रानाच्या मधनं एक गाडीवाट जाते, गौरीशंकरच्या वावराकडं. त्यामुळं आकार दोन उमटले, वाटेच्या वरचा आणि खालचा. आणि संगणकानं आपल्या सवयीनं दोघांना दोन कांबळी दिली. वरच्या तुकड्यातही राखेपासून काळ्यापर्यंत सगळा रंग, खालच्यातही सगळा. शिवकुमारला ते दिसलं. मॅडमचा निरोपही आठवला. पण हे काही कामाचं चित्र नव्हतं, तपासायला कुणी बसलं नव्हतं, आणि दोन घड्या पडलेल्या पटक्यासारखं ते दिसतही होतं झकास. त्यानं तसंच ठेवलं.

चित्राखाली त्यानं लिहिलं, "आमचं रान. सगळ्यांनी जेवायला यावं." वाचून बघितलं. 'जेवायला' हा शब्द त्याला उघडा पडल्यासारखा वाटला. येळवस तोंडावर आहे, गावाला काय सांगायचं, कळेलच की. त्यानं तो शब्द काढला आणि लिहिलं, "आमचं रान. सगळ्यांनी येऊन बघावं." आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून दिलं.

तासाभरात फोन वाजला. आईच्या दिवसकार्यानंतर ज्याचा आवाज ऐकला नव्हता असा एक मावसभाऊ होता. इकडचं तिकडचं बोलून तो हळूच म्हणाला, "मग, काय भाव काढलाईस?"

"कशाचा?"

"आसं का करायलास शिवा. रानाचा."

शिवकुमार म्हणाला, रान विकायचं नाही. तो हसला. "बरोबर हाय. सुरुवातीला आसंच म्हणावं लागतंय."

आता गावाचंही चुकलं म्हणता येत नाही. रानाचा आकार, हद्दी कोरून काढलेल्या, खाली 'आमचं रान', आणि येऊन बघा. असं चित्र जमीन विकणाऱ्याशिवाय कोण टाकतं? पारावर तर लोकांनी मोबाइल हातोहात फिरवून त्याचा पार कीस पाडला.

"दोन तुकडे पाडलेत बघ. वाटंच्या वरला अन् खालला. दोन गिऱ्हाइकं बघायलाय."

"हलकं रान बी दावलंय. शिकलेला हाय, प्रामाणिक हाय."

"कशाचा प्रामाणिक? वरच्या तुकड्यात एवढं काळं कुठनं आलं? तिथं कुदळ मारली तर ठिणगी पडती."

"भाव यायला रंग मारलाय दुसरं काय. जुनी मोटारसायकल इकताना न्हाय का मारत."

आणि माणसं यायला लागली. ज्यांनी वर्षभर उंबरा बघितला नव्हता ती ओट्यावर येऊन बसायला लागली. कुणी दबक्या आवाजात दलालाचं नाव सांगायचा, कुणी आपल्या साडूला घेऊन यायचा. शिवकुमार प्रत्येकाला सांगायचा, विकायचं नाही, आणि प्रत्येकाला चहा ठेवायचा. ते डोळा मिचकावून चहा प्यायचे. खरं सांगायचं तर त्याला त्या चहाची गोडी लागली. दूध त्यानं वाढवून घेतलं. कुणी उठायला लागलं की म्हणायचा, "बसा की, काय घाई हाय." यानं तर लोकांची खात्रीच पटली की गडी सौद्याला तयार आहे.

एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही की अहो, मी जेवायला बोलावलं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी, दुपारी, गौरीशंकर आला. ओट्यावर बसला नाही. अंगणात उभा राहूनच बोलला.

"शिवा, आपलं रान बांधाला बांध. इकायचं तर आदी भावाला इचारायची रीत हाय. आमाला मोबाइलवर कळावं?"

"इकायचं न्हाय आण्णा."

"मग चित्र?"

शिवकुमारनं खाली बघितलं. "आसंच. कामाचा नमुना."

"नमुना. आन वरच्या खडकाला काळं दावलंस ते बी नमुनाच? मावशीचं नाव हाय त्या रानाला. घेणारा फसला तर श्या कुणाला देईल? आमालाच की, शेजारी आमी ऱ्हाणार. तू जाशील पुण्याला." लक्ष्मम्माला तो मावशी म्हणायचा.

तो गेला. शिवकुमार दारात उभा राहिला. आत चुलीवर उंड्यासाठी पाणी उकळत होतं आणि कोपऱ्यात दोन दिवसांमागं लावलेली आंबील होती. किती माणसांची लावावी हे त्याला कळलं नव्हतं. आई लावायची तेवढ्याच मापानं त्यानं लावली होती.

येळवशीला सकाळी उन्हं वर यायच्या आत गाव मोकळं झालं. बैलगाड्या कमी झाल्यात आता, पण ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर, डोक्यावर पाट्या घेऊन, माणसं पांगली. शिवकुमारनं बिंदग्याला आईचं कांबळं गुंडाळलं आणि ते डोक्यावर घेऊन चालत निघाला. डोक्यावर बिंदगं घ्यायची सवय नव्हती. मान अवघडली, आंबील कानावरनं गळ्यात उतरली. वाटेत कुणी भेटलं असतं तर हसलं असतं, पण कुणी भेटलं नाही.

ओढ्याच्या कडेला त्यानं कोप उभी केली. पांडवांना चुना लावला, पूजा केली, रानात आंबील शिंपडली. मग पत्रावळी काढल्या आणि हातात धरून बसला. पलीकडच्या बांधावर गौरीशंकरच्या कोपीपुढं हसणं चाललं होतं. लेकरं ऊस चघळत होती. कुणाच्या तरी रेडिओवर गाणं होतं. शिवकुमारनं एक पत्रावळ मांडली, मग उचलली. एकट्यानं वाढून घेतलं की कुणी येईल ही आशाच संपली. ऊन माथ्यावर आलं. त्याला भूक लागली होती आणि तो जेवत नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. दोघं उतरले आणि जोंधळ्यातनं वाट काढत खाली आले. पुढं चकाचक शर्टातला दलाल उत्तरेश्वर, मागं पांढऱ्या धोतरातला एक म्हातारा. गुरुसिद्धप्पा त्याचं नाव, नळदुर्गला हायवेवर त्याचा ढाबा. चित्र फिरत फिरत तिथपर्यंत गेलं होतं.

"तुमीच का शिवकुमार?" उत्तरेश्वर म्हणाला. "चित्र बघितलं. म्हटलं आज सगळे रानातच आसतेत, गाठ पडंल."

"आदी बसा," शिवकुमार म्हणाला. शब्द आपोआप निघाला. येळवशीला ज्याचा पाय रानात पडतो त्याला बसा म्हणायला शिकावं लागत नाही.

"जेवणाचं ऱ्हाऊ द्या, आमाला पुढं आणखी..."

"बस रं गप," म्हातारा म्हणाला. "येळवशीला कुणाच्या रानातनं उपाशी जात नसतेत." आणि मांडी घालून बसलाही.

शिवकुमारनं वाढलं. घाईत भज्जी पत्रावळीच्या बाहेर पडली. आंबील पातळ झाली होती, उंडे दगडासारखे. उत्तरेश्वरनं एक उंडा फोडायचा यत्न केला आणि बाजूला ठेवला. गुरुसिद्धप्पा मात्र आंबिलीत बुडवून बुडवून निवांत खात होता. मधीच त्यानं मान वर केली, उभ्या शिवकुमारकडं बघितलं आणि म्हणाला, "नीनू ऊटा माडप्पा."

तूही जेव बाबा. दीड वर्षात पहिल्यांदा कन्नडमधनं त्याला कुणी जेव म्हटलं. शिवकुमार खाली बसला, पत्रावळ ओढली आणि पहिला घास खाल्ला, तो बराच वेळ त्याच्या तोंडातच फिरत राहिला.

जेवण झाल्यावर म्हातारा उठला. "चला, रान दावा." शिवकुमारनं नाही म्हटलं नाही. तिघं ओढ्यापासनं वर चालत निघाले. गाडीवाट ओलांडली. वाटेच्या वरच्या कडेला म्हातारा थांबला, वाकून त्यानं मूठभर माती उचलली. मुरूम. बोटातनं खळखळ खाली गळाला.

"हितं तर तुमच्या चित्रात काळंभोर होतं."

"व्हय."

"मग?"

"ते चुकलंय. रान एक हाय, वाटंमुळं आकार दोन झाले. दोघांवर मिळून एकच रंग उतरवायला पायजे होता. संगणकानं दोघांना वेगळा वेगळा दिला. मला दिसलं होतं, म्या तसंच ठिवलं."

"का?"

"दिसायला बरं दिसलं."

उत्तरेश्वर भडकला. "बरं दिसलं? आवो, ह्याच्यावर गिऱ्हाईक आणलंय म्या एवढ्या लांब. लोक केस करतेत आसल्यावर. आता खरं काय ते सांगा, इकायचंय का न्हाय?"

"न्हाय."

"मग टाकलं कशाला?"

बांधापलीकडं गौरीशंकर येऊन उभा राहिला होता. परकी माणसं भावाच्या रानात माती उचलून बघताहेत, हे बघून तो जेवणावरनं उठून आला होता. मागं इरम्मा काठी टेकत येत होती. शिवकुमारनं त्यांना बघितलं. पारावर बोललेलं सगळं, ओट्यावरच्या चहाचं सगळं त्याच्या डोळ्यापुढनं गेलं. आणि नमुना होता असं पुन्हा एकदा म्हणता आलं असतं.

"जेवायला बोलवायचं होतं," तो म्हणाला. "येळवशीला. आई गेल्यापासनं रानात कुणी आलं न्हाय. दारात जाऊन म्हणायचं मला जमंना. म्हणून चित्र काढलं."

उत्तरेश्वरनं खिशातनं किल्ली काढली, पुन्हा आत ठेवली. गुरुसिद्धप्पानं हातातली माती झाडली आणि धोतराला हात पुसले.

"तोंड हाय का न्हाय रं तुला?" शेवटी गौरीशंकर म्हणाला. "दारात आला होतास की मागल्या आठवड्यात. मोटारीची लाईट इचारलीस. ती लाईट माझ्या जन्माच्या आदीपासनं कवा येती कवा जाती कुणाला म्हाईत न्हाय, आन तू तीच इचारलीस."

"जेवणाचं निघालं न्हाय तोंडातनं."

"मागल्या साली आमी बोलवाय आलो, तवा 'न्हाय' तेवढं बरं निघालं."

गौरीशंकर काही विरघळला वगैरे नाही. दुखलेलं एका वाक्यानं बरं होत नसतं. तो तसाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इरम्मा मात्र चालतच होती. ती बांध उतरून सरळ कोपीपाशी गेली, बाकीचेही तिच्या मागं खाली आले. तिनं बिंदग्यावरलं कांबळं बाजूला सारलं, ओगराळ्यानं वाटीभर आंबील काढली आणि एक घोट घेतला.

"ह्यात लसूण कुठाय?"

"घातला न्हाय काकू."

"जिरं?"

"ते बी न्हाय."

"लक्ष्मम्माचा पोरगा हायस का कुणाचा," ती म्हणाली आणि उरलेली वाटी पिऊन टाकली. मग गौरीशंकरला म्हणाली, "शंकऱ्या, उभा काय ऱ्हायलास, घोटभर घे. पांडवाम्होरनं उपाशी जाऊ नकू."

गौरीशंकरनं उभ्यानंच वाटी घेतली, प्याला, वाटी खाली ठेवली. "पोट भरलंय माजं," म्हणाला. "अन् ते गटावरलं चित्र काढ आदी." आणि आईला घेऊन बांध चढून गेला. जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही, पण पलीकडं जाऊन लेकरांना काहीतरी सांगितलं आणि लेकरं इकडं बघायला लागली.

गुरुसिद्धप्पा मोटारसायकलीवर बसता बसता म्हणाला, "रान चांगलं हाय. इकू नका." उत्तरेश्वरनं गाडीला किक मारली. धुळीचा एक पट्टा रस्त्यावर राहिला आणि तोही बसला.

पुन्हा शिवकुमार, कोप आणि बिंदगं. आंबील निम्म्याच्या वर शिल्लक होती. भज्जीचं पातेलं तर हललंही नव्हतं. त्यानं मोबाइल काढला, चित्र गटावरनं काढून टाकलं. "रान विकायचं नाही" असं लिहायला घेतलं, अर्ध्यात थांबला आणि मोबाइल खिशात घातला. त्याला कळून चुकलं होतं की ते लिहिलं तर लोक पुन्हा भाव विचारतील.

येळवशीला जे रानात जाऊ शकत नाहीत, आजारी, म्हातारी, बाळंतीण, त्यांना संध्याकाळी घरपोच आंबील न्यायची असते. शिवकुमारनं बिंदगं पुन्हा डोक्यावर घेतलं, भज्जीचं पातेलं बगलेत धरलं आणि दिवस बुडायच्या आत गावात आला. रानांतनं लोक परतत होते. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्याच्या दारात एक लंगडा म्हातारा खाटेवर बसला होता. शिवकुमारनं त्याच्यापुढं बिंदगं नुसतंच खाली ठेवलं. म्हाताऱ्यानंच विचारलं, "काय रं, इकलं म्हणं रान?"

"न्हाय आज्जा. भांडं आना, आंबील देतो."

म्हाताऱ्यानं खाटेखालनं तांब्या काढला. शिवकुमारनं ओतली. म्हातारा प्याला, तोंड वाकडं केलं.

"पातळ हाय."

"व्हय, पातळ झालीय. पुढल्या साली रानात जेवायला या, घट्ट करतो."

हे वाक्य नीट बाहेर पडलं. म्हाताऱ्यानं 'बघू' म्हटलं आणि तांब्या पुन्हा पुढं केला. शिवकुमारनं ओतली. तिथनं पुढच्या दाराला गेला. तिथं बाळंतीण होती, तिच्या सासूनं भज्जी घेतली, आंबील नको म्हणाली. "पुढल्या साली रानात या," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडं जरा नवलानं बघितलं. त्याच्या पुढच्या दारी आधार कार्डवाली म्हातारी होती. तिच्या पुढं पुन्हा कुलूप. काही दारांत हे वाक्य राहून गेलं, काही दारांत निघालं. आंधार पडेतो बिंदगं हलकं झालं आणि डोक्यावर चांगलं बसायला लागलं.

गल्लीच्या टोकाला गौरीशंकरचं घर. ट्रॅक्टर नुकताच येऊन थांबला होता आणि अंगणात लेकरं पाट्या उतरवत होती. बिंदग्यात तळाला थोडीच उरली होती. शिवकुमार अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला,

"आण्णा, भांडं आन."